तिसऱ्या माणसाची नोंद

मिर्ता खिडकीच्या कट्ट्यावरचा तिसरा कप मोजत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "चौथा आत सिंकमध्ये पडलाय. तोही धरा."

ती दचकली, पण वळली सावकाश. पकडलं गेल्यावर घाईने वळायचं नसतं, हे ती पाहुण्यांकडूनच शिकली होती. दोन पायऱ्या खाली एक उंच माणूस उभा होता. एका हातात पाव, दुसऱ्या हातात अंजिरांची पिशवी, आणि पायऱ्या चढून चढून लालबुंद झालेला चेहरा.

"मी... कुंडीला पाणी घालायला आले होते," मिर्ता म्हणाली.

"कुंडी कुठाय?"

कुंडी नव्हती. खिडकीत तीन कप होते आणि एक झोपलेलं मांजर.

"आणणार आहे," ती म्हणाली.

"बरं झालं. मग उद्या पाणी घालायला याल, परवा पण याल." तो हसला. "मी आंतुन. या टेकडीवरच्या घरात उतरलोय. आणि तुम्ही त्या किल्लीवाल्या मिर्ता, हो ना? कालपासून तुमचे सहा मेसेज आले. सहाही मेसेजमध्ये एकच प्रश्न, किती माणसं."

"मग उत्तर द्यायचं."

"दोन. मी आणि बाबा." त्याने पिशवीतलं एक अंजीर पुढे केलं. "हे तिसरं. याची नोंद करायची का?"

मिर्ताने अंजीर घेतलं नाही. पण जिना उतरताना आपण हसतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि ते तिला फारसं आवडलं नाही.

समुद्रकाठच्या शिबेनिकच्या जुन्या गावात मिर्ता चार घरं सांभाळायची. घरं तिची नव्हती. मालक स्टुटगार्टला राहायचा आणि दर सोमवारी फोन करायचा. पाहुणे चार दिवसांसाठी, आठवड्यासाठी यायचे. त्यांना किल्ली द्यायची, गळका नळ दुरुस्त करवायचा, चादरी बदलायच्या, आणि मुख्य म्हणजे माणसं मोजायची. रात्री मुक्कामाला असलेल्या प्रत्येकाचं नाव ओळखपत्र बघून चोवीस तासांत सरकारदरबारी नोंदवायचं, असा कायदा. आणि लोकांची तऱ्हा अशी, की चौघांचं सांगून सातजण यायचे. एका जोडप्याने तर सासूला मागच्या दाराने आत घेतलं होतं आणि चार दिवस बाल्कनीतसुद्धा येऊ दिलं नव्हतं. मिर्ताने तिची नोंद केली तेव्हा त्या सासूने तिचे दोन्ही हात धरून आभार मानले.

या कामात तिची गुरू होती लुत्से आत्या. वय चौसष्ट, लग्न केलेलं नाही. चारही घरांचं धुणं आणि इस्त्री तीच करायची, आणि लोक वर्तमानपत्र वाचतात तशी ती चादरी वाचायची.

"या घरात चार नाहीत, पाच झोपलेत. पाचवा डाव्या कडेला झोपतो आणि घोरतो."

"घोरतो हे चादरीवरून कसं कळलं?"

"उशीला शेजारच्याने दात मारलेत."

मिर्ताची आई ती नऊ वर्षांची असताना गेली. वडील जहाजावर होते, ते हळूहळू तिकडेच कुठल्याशा बंदरातले झाले. तिला वाढवलं ते आत्यानेच. दोन वर्षांपूर्वी मिर्ताचं ठरलेलं लग्न मोडलं, मुलगा दुसऱ्याच कुणाबरोबर झाग्रेबला निघून गेला, तेव्हाही आत्याने इस्त्री खाली न ठेवता एवढंच म्हटलं होतं, "जाऊ दे. आपण दोघी पुरे."

आणि खरोखर पुरल्या होत्या.

सप्टेंबरचे पहिले दिवस होते. दक्षिणेचा दमट वारा सुटला होता आणि दुपारी अचानक सर कोसळली. मिर्ता टेकडीवरच्या घराच्या गच्चीवर चादरी काढायला धावली, तर आंतुन आधीच दोरीशी उभा. खांद्यावर दोन चादरी, दातांत चिमटे.

"अहो, राहू द्या! पाहुण्यांनी करायचं काम नाही हे!"

त्याने चिमटे तोंडातून काढले. "भिजलेल्या चादरीत झोपायचं काम पाहुण्यांचंच ना?"

चादरीचं एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे. घडी घालताना दोघं जवळ आले, लांब गेले, परत जवळ आले. त्याच्या पापण्यांवर पाणी साठलं होतं. मिर्ताने बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं.

"तुम्ही करता काय? म्हणजे घरी."

"लिफ्ट दुरुस्त करतो. विन्कोव्त्सीला."

"आणि सुट्टीला इथे आलात? आमच्या गावात एक लिफ्ट नाही. नुसत्या पायऱ्या."

"बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, चालवा. तर बाबांनी चालायला देशातलं सगळ्यात जास्त पायऱ्यांचं गाव शोधलं." तो जरा थांबला. "मी पण पहिल्या दिवशी वैतागलो होतो. आता... आता नाही."

 मिर्ताचं लक्ष दोरीच्या टोकाकडे गेलं होतं. तिथे तीन टॉवेल होते. तिन्ही समुद्राच्या पाण्याने कडक झालेले.

"तिसरा कुणाचा?"

"कुठला तिसरा?"

"आंतुन, मला लोक सात वर्षं फसवतायत. चांगल्या चांगल्यांनी प्रयत्न केलाय."

"मग मी कशाला त्या गर्दीत शिरू?" असं म्हणून त्याने तिसरा टॉवेल उचलला, तिच्या ओल्या केसांवर टाकला आणि खाली निघून गेला.

घरी येऊन तिने तो टॉवेल आत्यासमोर ठेवला. आत्याने एरवी तो उलटून पालटून, वास घेऊन बघितला असता. या वेळी तिने तो सरळ धुण्यात टाकला.

"दोघंच आहेत गं. उंच माणसाला दोन टॉवेल लागतात."

"आणि कप?"

"काय पोलिसात जाणारेस का?" आत्या म्हणाली. मग जरा गडबडीने, "हे बघ, उद्या मी झ्लारिनला जातेय. दोमिना पाय मुरगळून पडलीय, तिच्याकडे चार दिवस राहीन. बेटावर फोन लागत नाही, उगाच करत बसू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिर्ताने तिला बेटाच्या बोटीत बसवून दिलं. आत्याने निळा झगा घातला होता. आजारी मैत्रिणीकडे जायला तो जरा जास्तच चांगला होता, पण हे मिर्ताला नंतर सुचलं.

त्यानंतरच्या सकाळी ती बल्ब बदलायचं निमित्त काढून टेकडीवरच्या घरी गेली. दार आंतुनने उघडलं. केस विस्कटलेले. स्वयंपाकघरातल्या कोचावर उशी आणि पांघरूण पडलं होतं, झोपायच्या खोलीचं दार बंद होतं, आणि टेबलावर तीन कप होते. या वेळी तिन्हींतून वाफ येत होती.

"बल्ब चालू आहेत सगळे," आंतुन म्हणाला.

"इथे तिसरं माणूस आहे."

"आहे."

एवढ्या सरळ उत्तराची तिला सवय नव्हती.

"कोण?"

"सांगता येत नाही. शब्द दिलाय."

"बाई आहे?"

"...हो."

"तुमची—"

"माझी नाही." हे तो फार पटकन म्हणाला. मग हळू म्हणाला, "माझी कुणी नाही. हेच विचारायचं होतं तर सरळ विचारायचं. तीन दिवस कप कशाला मोजायचे?"

मिर्ताचे कान तापले. "मला काय करायचंय! मला नाव हवंय आणि ओळखपत्र. घराला परवानगी दोघांची आणि कोचावरच्या एकाची. तिसरा चालतो, पण लपवलेला चालत नाही. उद्या कुणी तपासायला आलं तर माझी परवानगी जाईल. मला दुसरं काम येत नाही, आंतुन."

"फक्त आजचा दिवस दे मला..." पहिल्यांदाच तो तिला 'अहो' म्हणायला विसरला.

तेवढ्यात खालच्या गल्लीतून शेजारच्या फिलामावशीचा आवाज आला. कपडे वाळत घालता घालता ती कुणालाही न उद्देशून गावाला ऐकू जाईल असं म्हणत होती, "आज हवा काय छान आहे! तपासणीच्या बाईंना वर चढायला काही त्रास होणार नाही! पोचतीलच आता!"

मिर्ताने बंद दाराकडे बघितलं. "पाच मिनिटं आहेत. ती बाहेर येते की मी आत जाऊ?"

दार आतून उघडलं. निळा झगा, पायात घरातल्या सपाता.

"ओरडू नकोस गं," लुत्से आत्या म्हणाली. "सगळी गल्ली ऐकतेय."

मिर्ता ओरडली नव्हती. ती ओरडूच शकली नसती. आत्याच्या मागे काठीवर रेलून आंतुनचे वडील उभे होते, दाढी नुकतीच केलेली, आणि शाळेत उशिरा पोचलेल्या मुलाचा चेहरा. त्यांचं नाव मातो.

"तू झ्लारिनला..."

"गेले होते. त्याच बोटीने परत आले. तुला मी गेलेली दिसायला हवी होते ना."

पुढे काही बोलायच्या आत दारावर टकटक झाली. तपासणीच्या बाई ठेंगण्या, घामाघूम आणि अतिशय सभ्य होत्या. त्यांनी कागद बघितला, माणसं बघितली.

"नोंद दोघांची दिसते. आणि या?"

मिर्ताच्या ओठांवर उत्तर तयार होतं, आणि ते खोटंही नव्हतं. "ही माझी आत्या. आमच्या सगळ्या घरांचं धुणं हीच करते. चादरी न्यायला—"

"चादरी गेल्या खड्ड्यात," आत्या म्हणाली. "मी इथे मुक्कामाला आहे. पाहुणी. नोंद राहिली ती माझ्यामुळे. या पोरीला ठाऊक नव्हतं."

बाईंनी चष्मा वर केला. "राहता कुठे?"

"इथून तिसऱ्या गल्लीत."

"म्हणजे स्वतःच्या घरापासून शंभर पावलांवर तुम्ही पाहुण्या?"

"तुम्हाला शंभर पावलं दिसतात," आत्या म्हणाली. "मला त्रेचाळीस वर्षं लागली."

मातो काकांनी खाली बघितलं. बाईंनी चष्मा पुसला, परत लावला, आणि घड्याळाकडे बघितलं.

"केव्हा आलात?"

"काल दुपारी तीनला."

"आत्ता अकरा वाजलेत. नियम चोवीस तासांचा आहे. माझ्यासमोर नोंद करा, मी सही करते."

मिर्ताने फोन काढला. आत्याने झग्याच्या खिशातून ओळखपत्र काढलं. म्हणजे ते तिने आणलेलं होतं. नाव, आडनाव, जन्मतारीख. पत्ता लिहिताना मिर्ताला स्वतःचाच पत्ता लिहावा लागला, आणि तिथे तिचं बोट दोनदा चुकलं. बाईंनी सही केली. जाता जाता त्या दारात थांबून आत्याला म्हणाल्या, "झगा छान आहे हो."

मग मिर्ताला कंठ फुटला.

"फिलामावशीला माहीत होतं?"

"फिलाला काय, मांजरालासुद्धा माहीत होतं."

"फक्त मला नाही."

आत्या खुर्चीवर बसली. मातो काका इथे सक्तीच्या सैन्यसेवेत होते तेव्हा त्यांनी तिला मागणी घातली होती. तिची आई अंथरुणाला खिळलेली. ती नाही म्हणाली. दोन वर्षं पत्रं आली, मग लग्नपत्रिका आली. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली. गेल्या हिवाळ्यात त्यांनी नंबर मिळवून फोन केला. हे सगळं आत्याने धोब्याच्या हिशोबासारखं सांगितलं, कुठेही न थांबता. थांबली ती शेवटी.

"आपण दोघी पुरे, असं मीच म्हटलं होतं ना तुला. तुझं मन मोडलेलं असताना. मग आता कुठल्या तोंडाने सांगू, की मला पुरत नाही म्हणून?"

मिर्ताने बल्ब टेबलावर ठेवला आणि ती बाहेर पडली.

आंतुनला ती धक्क्यावर सापडली. तो शेजारी बसला, मध्ये एका माणसाची जागा सोडून. समुद्र करडा होता, लाटा नावापुरत्या.

"मी चिडलेली नाही," ती म्हणाली.

"हं."

"हं काय?"

"चिडलेली माणसं असंच म्हणतात. माझ्या कामात रोज भेटतात. लिफ्टमध्ये अडकलेली."

ती हसणार होती, पण डोळे भरून आले. "अख्ख्या गावाची माणसं मोजते मी, आंतुन. आणि घरातलं एक माणूस... ते रोज समुद्रावर पोहायला जात होतं आणि मला कळलं नाही."

"मलाही बाबांनी गाडीत सांगितलं, अर्ध्या रस्त्यात. तोवर मी त्यांना व्यायामाला आणतोय असंच समजत होतो." त्याने बूट काढून पाय पाण्याकडे सोडले. "आत्या आमच्याकडे यायचं म्हणतायत. विन्कोव्त्सीला. घर लहान आहे. काल रात्री कोचावर पडल्या पडल्या विचार केला... आता आमच्या घरात मीच जास्तीचा."

मिर्ताने त्याच्याकडे बघितलं. तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. हवा सांगावी तसं सांगितलं होतं त्याने.

"तुला वाईट वाटलं?" तिने विचारलं. त्यांच्यातलं 'तुम्ही' तिथे कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"बाबा शिट्टी वाजवत दाढी करतात हल्ली. चार वर्षांत ऐकली नव्हती. वाईट कसं वाटणार?"

मध्ये सोडलेली जागा मिर्ताने भरून काढली, थोडीशी. पूर्ण नाही.

संध्याकाळी ती घरी गेली तर आत्या परत आली होती आणि इस्त्री करत होती. मिर्ताने चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी घडी घातली. "शिट्टीवर कुठलं गाणं वाजवतात ते?" मिर्ताने विचारलं. आत्या आधी लाजली आणि मग रडली. त्यानंतर त्या दोघींत या विषयावर भांडण झालं नाही.

रविवारी बापलेक गेले. आंतुनने जाताना फक्त हात हलवला, आणि मिर्तानेही. पण मंगळवारी त्याचा फोन आला: घराच्या किल्लीसारखी एक किल्ली त्याच्या खिशात निघाली होती. ती त्यांच्या तळघराची होती. गुरुवारी फोन आला की बाबांना सार्डिनचं कालवण कसं करतात ते हवंय. बाबा मागून ओरडत होते की त्यांनी काहीही विचारलेलं नाही. पुढे पुढे त्याने निमित्त काढणं सोडलं. मिर्ता मात्र दर वेळी, बोलणं जरा खोल पाण्यात शिरलं की, "दारावर कुणीतरी आलंय" म्हणायची आणि फोन ठेवायची. मोसम संपला होता. दारावर कुणी येत नव्हतं.

ऑक्टोबरअखेर तो आत्याला न्यायला आला. मातो काकांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता. आत्याचं सामान फार नव्हतं. दोन बॅगा, शिवणाचं यंत्र, आणि नव्या ऑलिव्ह तेलाचा एक बुधला. पंचवीस लिटरचा, काचेचा, वेताच्या टोपलीत बसवलेला. तिकडे विन्कोव्त्सीच्या भागात, स्लाव्होनियात, लोक डुकराच्या चरबीत तळतात, हे तिने ऐकलं होतं. प्रेम असलं तरी त्याला मर्यादा आहे, असं तिचं म्हणणं.

आत्या खाली गाडीत जाऊन बसली. बुधला आणायला मिर्ता आणि आंतुन वर राहिले. तो खालच्या बाजूने, ती वरच्या बाजूने, अरुंद दगडी जिना, मध्ये ते हिरवं सोनं हिंदकळतंय. अर्ध्या जिन्यात तो थांबला.

"थांब जरा."

"हात दुखतोय?"

"नाही. बोलायचंय. खाली पोचलो की आत्या ऐकतील."

"वजन हातात असताना?"

"मोकळ्या हातांनी दोन महिने प्रयत्न केला. तू फोन ठेवतेस. आता ठेवून दाखव."

मिर्ताला खरंच काही करता येईना. बुधल्याची कड तिने छातीशी घट्ट धरली होती. समोर, दीड हातावर, तो. कपाळावर घाम.

"स्प्लिटला लिफ्टच्या कामाला माणूस हवाय," आंतुन म्हणाला. "जानेवारीपासून. इथून तासाभरावर. मला ये म्हणतायत. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"का?"

"आधी तुला विचारायचं होतं. तू नको म्हणालीस तर... लिफ्ट काय, विन्कोव्त्सीतही बिघडतात." "पण मला इथे यायचंय, मिर्ता. तुझ्यासाठी. दुसरं काही कारण नाही. शोधून बघितलं, सापडलं नाही."

खाली कुणीतरी गाडीचं दार लावलं. पायऱ्यांवर ऊन आलं होतं, फिकट, शेवटचं शेवटचं.

"मला येणारी माणसं कळतात," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "किल्ली देते. चार दिवसांनी परत घेते. राहणाऱ्या माणसाचं... राहणाऱ्या माणसाचं काय करतात, मला माहीत नाही."

"काही करायचं नसतं. जेवायच्या वेळेला ताट वाढायचं. भांडायचं असेल तर आधी ताट वाढून मग भांडायचं."

ती हसली. हसताना बुधला कलला. "धर! धर!" दोघं एकदम ओरडले आणि दोघांनी धरला.

"जानेवारीत इथे बुरा सुटतो," मिर्ता म्हणाली. "उत्तरेचा वारा. हाडं गोठतात. जाड कोट आण."

"म्हणजे हो?"

"म्हणजे... हो. आणि कोट पण आण."

खालून आत्याचा आवाज आला. "काय गं, तेल काढताय की काय वर? ऑलिव्ह तोडण्यापासून सुरुवात केलीत वाटतं!"

"पाच मिनिटं, आत्या!"

आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला होता, "पाच काय, दहा घ्या. पण आधी तो बुधला खाली ठेवा."

त्यांनी बुधला पायरीवर टेकवला, भिंतीला लावून, घसरणार नाही याची खात्री करून. मग दोघांचे हात मोकळे झाले.